घड्याळ म्हणतंय ३४० कॅलरी जळल्या. त्या परत खायच्या का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ७२ किलो, पुण्यात आयटीतली बैठी नोकरी. वजन उतरवण्यासाठी अ‍ॅपने रोजच्या १४०० कॅलरी ठरवून दिल्या आहेत. आठवड्यातून पाच दिवस सकाळी पन्नास मिनिटं, साधारण साडेचार किलोमीटर चालणं होतं. चालून आलं की मनगटावरचं घड्याळ ३४० कॅलरी दाखवतं. घड्याळ अ‍ॅपला जोडलेलं, त्यामुळे अ‍ॅप लगेच सांगतं की आज तुम्ही १७४० खाऊ शकता. मैत्रीण म्हणते, त्या खायलाच हव्यात, नाहीतर शरीर 'स्टार्व्हेशन मोड'मध्ये जातं आणि वजन अडकून बसतं. नवरा म्हणतो, खायच्याच असतील तर चालतेस कशाला? दोन महिन्यांत वजन ७२ वरून ७१.६ झालं. शिवाय महिन्यातला एखादा रविवार सिंहगडचा असतो, त्या दिवशी काय करायचं?

आधी उत्तर देते, हिशोब नंतर. त्या ३४० कॅलरी खाऊ नका. पण 'व्यायामाचं कधीच खायचं नसतं' असा नियम यातून काढू नका, कारण आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काहींना मी याच्या अगदी उलट सांगते. तुमच्या बाबतीत नाही म्हणते आहे, कारण त्या कॅलरी तुम्हाला एकदा आधीच देऊन झाल्या आहेत. अ‍ॅपने त्या १४०० मध्येच घातल्या आहेत.

ते मला कसं कळलं, ते बघा. बहुतेक अ‍ॅप १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर हे सूत्र वापरतात. बायकांसाठी ते असं: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, उणे वय गुणिले ५, उणे १६१. तुमचे आकडे घातले तर ७२० अधिक ९८७, उणे १७०, उणे १६१, म्हणजे १३७६. दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी शरीर एवढं खर्च करतं. मग अ‍ॅप विचारतं, तुमची हालचाल किती? 'बैठी' निवडलं तर १३७६ ला १.२ ने गुणतात, १६५० च्या आसपास उत्तर येतं. 'थोडीफार' निवडलं तर १.३७५ ने गुणतात, १८९० च्या आसपास येतं. त्यातून आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं म्हणून ५०० वजा होतात. बैठीतून ५०० काढले तर ११५० उरतात. तुम्हाला १४०० मिळाल्या आहेत, म्हणजे अ‍ॅप डाउनलोड केलं त्या दिवशी तुम्ही 'थोडीफार हालचाल' निवडलंत. खोटं नव्हतं ते, चालायला जाताच की तुम्ही. पण त्या एका टिचकीने रोजच्या २४० कॅलरी व्यायामाच्या नावाने तुमच्या खात्यावर जमा झाल्या, शनिवार-रविवार धरून. आता घड्याळ पुन्हा ३४० जमा करतंय. एकच पगार दोन खिडक्यांवरून उचलल्यासारखं आहे हे.

ही चूक तुमची नाही, मांडणीची आहे. 'हालचाल' या शब्दात व्यायाम धरायचा की नाही हे अ‍ॅप नीट विचारत नाही. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा फोन मी आधी हातात घेते आणि ते एक सेटिंग बघते. निम्म्या लोकांचं उत्तर तिथेच सापडतं.

आता त्या ३४० कडे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावर घालायची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. कॅलरीच्या बाबतीत मात्र सगळ्यात बरं जे होतं तेही सरासरी २७ टक्के चुकलं, आणि सगळ्यात वाईट होतं ते ९३ टक्के. त्याला बरीच वर्षं झाली, उपकरणं सुधारली असतील. पण मूळ अडचण तीच राहते. घड्याळ कॅलरी मोजत नाही, ठोके आणि हाताची हालचाल बघून अंदाज बांधतं. रात्री झोप नीट झाली नाही, चहा जास्त झाला, ऊन चढलं, की ठोके वाढतात. मे महिन्यात तळजाईच्या टेकडीवर तुम्ही तेवढंच चालाल आणि घड्याळ जानेवारीपेक्षा जास्त आकडा दाखवेल. चरबीचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

दुसरं म्हणजे बरीच घड्याळं दोन आकडे देतात, एक 'अ‍ॅक्टिव्ह' आणि एक 'टोटल'. टोटलमध्ये त्या पन्नास मिनिटांत तुम्ही सोफ्यावर बसून असतात तरी जळल्या असत्या त्या पन्नासेक कॅलरीही असतात. त्या तुमच्या १३७६ मध्ये आल्याच आहेत. तुमचा ३४० कुठला आहे ते बघा, माझा अंदाज टोटलचा.

चालण्याचा खरा, म्हणजे बसल्या जागच्या खर्चाच्या वरचा खर्च काढायला मी एक ढोबळ हिशोब वापरते: सपाटीवर किलोमीटरला, दर किलो वजनामागे अर्धी कॅलरी. पळण्याला साधारण त्याच्या दुप्पट. तुमचे साडेचार किलोमीटर गुणिले ७२ गुणिले अर्धा, म्हणजे १६२. भरभर चालत असाल आणि टेकडीचा थोडा चढ असेल तर १८०-१९० म्हणू. म्हणजे घड्याळाच्या जवळपास निम्मं. म्हणूनच जुने लोक सांगतात, मोजायचंच असेल तर अर्धं खा. त्या 'अर्ध्या'मागे फार मोठं शास्त्र नाही, पण तो बऱ्यापैकी जमतो.

हा हिशोब लोकांना पटत नाही, तेव्हा मी वारीचं उदाहरण देते. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. ६५ किलोची बाई सगळी वाट पायी चालली तर वरचा खर्च २५० गुणिले ६५ गुणिले अर्धा, म्हणजे आठ हजारांच्या वर थोडा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. अख्खी वारी चालून, घरच्याएवढंच जेवून, एक किलो! आणि वाटेत तर गावोगावी पंगती, साबुदाण्याची खिचडी, चहा, राजगिऱ्याचे लाडू, कुणाला नाही म्हणायचं नसतं. 'मी वारी करून आले आणि वजन दीड किलोने वाढलं' असं हसत हसत सांगणाऱ्या मावशी मी पाहिल्या आहेत. वारी वजनासाठी नसतेच, तो भाग वेगळा.

ट्रेडमिलवरच्या आकड्याचं तर विचारूच नका. वजन घातलं नाही तर यंत्र स्वतःच्या मनाने एक वजन धरतं. वर आपण दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून चालतो. दांड्यावर भार टाकला की पायांचं काम हलकं होतं, आकडा मात्र तेवढाच राहतो.

बरं, तुमच्या १७० खऱ्या आहेत असं धरू. त्या सगळ्या तरी दिवसाच्या एकूण खर्चात दिसतात का? तिथेही गळती आहे. हर्मन पाँट्झर या मानववंशशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांचा रोजचा खर्च मोजला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. हे लोक शिकार करून आणि कंदमुळं-मध गोळा करून जगतात, दिवसभर पायांवर असतात. मोजणी अंदाजाने नव्हती. खास समस्थानिकं, म्हणजे नेहमीपेक्षा जड अणू, असलेलं पाणी पाजून, लघवीच्या नमुन्यांवरून होती, यापेक्षा भरवशाची पद्धत सध्या नाही. शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर हाड्झांचा खर्च अमेरिकेतल्या बैठ्या लोकांच्या एवढाच निघाला. पुढे २०२१ मध्ये याच पद्धतीने मोजलेल्या १७५४ प्रौढांच्या आकड्यांवरून दिसलं की हालचालीत खर्च झालेल्या कॅलरींपैकी सरासरी २८ टक्के शरीर दुसरीकडे हात आखडून भरून काढतं. ज्यांच्या अंगावर चरबी जास्त, त्यांच्यात हे आखडणं आणखी जास्त दिसलं.

हात आखडणं म्हणजे काय, ते घरात बघा. सकाळी चालून आलं की 'आज माझं झालं' असं मनात कुठेतरी बसतं. मग दुसऱ्या मजल्यालाही लिफ्ट. कोथिंबीर संपली तर खाली भाजीवाल्याकडे जायचं सोडून फोनवरून दहा मिनिटांत मागवायची. मुलाला सांगायचं, बाळा, पाण्याची बाटली दे रे. यातलं काही आपण ठरवून करत नाही. शरीराच्या आतही काही खर्च खाली येतो, तो तर आपल्याला दिसतही नाही. तेव्हा १७० मधले १२० धरा. पाच दिवसांचे ते सात दिवसांत वाटले तर रोजचे ८५-९०.

आता गणित पुरं करू. तुमचा खरा रोजचा खर्च १६५० अधिक ९०, म्हणजे १७४० च्या आसपास. आणि चालण्याच्या दिवशी अ‍ॅप तुम्हाला किती खायला सांगतंय? १७४०. म्हणजे त्या पाच दिवशी तूट शून्य. फक्त न चालण्याच्या दोन दिवशी तुम्ही १४०० वर राहता, तेवढीच तूट! सरासरी काढली तर रोजचे ९७ कमी पडतात, दोन महिन्यांत कागदावर पाऊण किलो. तुमचं उतरलं ४०० ग्रॅम. राहिलेल्या साडेतीनशे ग्रॅमला रोजच्या ४५ कॅलरी पुरतात, म्हणजे एक चमचा तेल. खरं तर पाण्यानेच वजन दिवसाला किलोभर मागेपुढे होतं, त्यामुळे साडेतीनशे ग्रॅमवर इतकं खोलात जाणं बरोबर नाही. पण तेलाचा विषय काढायला मला निमित्त हवं होतं.

कारण घड्याळ चुकतं त्यापेक्षा आपण ताटाची नोंद करताना जास्त चुकतो. १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. 'आम्ही १२०० पेक्षा कमी खातो तरी वजन हलत नाही' असं सांगणाऱ्या लोकांचा. मोजून पाहिलं तर त्यांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी नोंदलं होतं; सरळ सांगायचं तर खाल्लेल्यातलं जवळपास निम्मं वहीत नव्हतं. आणि हालचाल मात्र ५१ टक्के फुगवून सांगितली होती. ती माणसं लबाड नव्हती. आपल्या सगळ्यांचंच असं होतं.

मराठी स्वयंपाकघरात ही गळती दोन ठिकाणी असते, तेलात आणि दाण्याच्या कुटात. अ‍ॅपमध्ये आपण 'मेथीची भाजी, एक वाटी' लिहितो. त्या वाटीत फोडणीचं तेल किती, वरून घातलेलं कूट किती, हे अ‍ॅपला कुठून कळणार? शेंगदाणे १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या पुढे असतात. दोन मोठे चमचे कूट म्हणजे शंभरेक कॅलरी, आणि आपण त्याला 'भाजी' म्हणतो. तेलासाठी मी चमचे मोजायला सांगत नाही, कुणी मोजत नाही. मी म्हणते, पिशवी फोडाल त्या दिवशी कॅलेंडरवर तारीख लिहा आणि संपेल त्या दिवशी लिहा. मागे एक जोडपं आलं होतं, दोघंच घरात, दोघंही मनापासून 'तेल फार कमी' म्हणणारे. एक लिटरची पिशवी पंधरा दिवसांत संपली. एक लिटर तेल म्हणजे ८२०० च्या आसपास कॅलरी. भागिले दोन माणसं, भागिले पंधरा दिवस, माणशी रोज २७०. अ‍ॅपमध्ये दोघांनी मिळून रोजचे दोन चमचे लिहिले होते, म्हणजे माणशी ४५. बाईंनी कॅलेंडर पुन्हा उलटून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. 'पोळीला तू लावतोस ते धरलंच नव्हतं,' एवढंच म्हणाल्या.

म्हणून मी त्या ३४० च्या मागे लागू नका म्हणते. ताटाच्या नोंदीत दोनशे-तीनशेची चूक असताना व्यायामाचा आकडा एककापर्यंत जुळवून खायचा, याला काही अर्थ नाही.

मैत्रिणीच्या मुद्द्यावर येते. 'कमी खाल्लं की शरीर चरबी धरून ठेवतं आणि वजन उतरायचं थांबतं' हे ज्या अर्थाने सांगितलं जातं त्या अर्थाने खरं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. युद्धात लढायला नकार दिलेले, स्वतःहून तयार झालेले तरुण होते ते. २४ आठवडे त्यांना साधारण १५७० कॅलरी दिल्या आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. व्यायामाचं परत खायला काही मिळत नव्हतं. त्यांचं वजन अडकलं नाही, जवळपास पाव हिश्श्याने उतरलं. शरीराचा खर्च खूप खाली आला हेही खरं, पण वजन उतरायचं थांबेल इतका नाही.

पण त्याच प्रयोगातून मैत्रिणीच्या म्हणण्यातला खरा भागही दिसतो. ती मुलं सदासर्वकाळ थकलेली, चिडचिडी झाली. थंडी वाजायची, जिना चढवत नव्हता, डोक्यात चोवीस तास खाण्याचेच विचार, काहीजण पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. प्रयोग संपल्यावर हावरटासारखे खात सुटले. आपल्याकडे यालाच 'डाएट सुटलं' म्हणतात. सोमवार ते शुक्रवार ११०० वर राहायचं, वर तासभर व्यायाम, आणि शनिवारी रात्री संपूर्ण पिझ्झा. लोकांना वाटतं वजन 'मोड'मुळे अडकलं, ते अडकलेलं असतं शनिवारी.

तर तूट फार खोल गेली असेल तेव्हा खावंच लागतं. आणि इथे मी माझीच फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी मी सातारच्या हाफ मॅरेथॉनची तयारी करत होते, यवतेश्वरचा घाट. रविवारी १६-१८ किलोमीटर पळायचे, मंगळवारी-गुरुवारी सहा-सहा. सुरुवातीला दर धावेनंतर घड्याळ म्हणेल तेवढं खाल्लं. सहा किलोमीटरनंतरही इडली-वडा-सांबार, वर फिल्टर कॉफी, कारण 'पळाले ना'. दोन महिन्यांत वजन दोन किलोने वाढलं. स्वतः आहारतज्ज्ञ, आणि मॅरेथॉनच्या तयारीत वजन वाढतंय! मग चिडून दुसऱ्या टोकाला गेले, रविवारच्या लांब पळण्यानंतरही रोजचंच १५०० चं ताट. तीन आठवड्यांत पायाची नडगी दुखायला लागली, रात्री अडीचला भुकेने जाग यायची आणि पाळी पंधरा दिवस पुढे गेली. पाळी पुढे गेल्यावर डोकं ठिकाणावर आलं.

खेळाडूंच्या आहारात यासाठी एक माप वापरतात: दिवसभर खाल्लेल्यातून व्यायामाचा खर्च वजा करा आणि जे उरतं त्याला चरबी सोडून उरलेल्या वजनाने भागा. उत्तर ४५ च्या आसपास असेल तर उत्तम, ३० च्या खाली रोजच जात असेल तर हाडं, पाळी, प्रतिकारशक्ती सगळ्यांवर परिणाम व्हायला लागतो. समजा ५२ किलोची मुलगी आहे, त्यात चरबी सोडून ४० किलो. खाते १५००, पळण्यात जातात ६००. उरले ९००, भागिले ४०, साडेबावीस. या मुलीने व्यायामाचं खाल्लंच पाहिजे, आणि अर्धं वगैरे नाही, पुरतं. वजन कमी करायचा विचार तिने त्या काळात बाजूलाच ठेवावा. ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला वेगळं नाव देऊन सविस्तर मार्गदर्शन काढलं, तेही पुरुष खेळाडूंना धरून, कारण हे फक्त मुलींचं दुखणं नाही.

तुमचा हिशोब तसा नाही. चरबी सोडून तुमचं वजन ४५ च्या आसपास असेल. १४०० मधून १७० गेले तर १२३०, भागिले ४५, सत्तावीस. अंगावर साठा असलेल्या, ठरवून वजन उतरवणाऱ्या बाईसाठी काही महिने हे चालतं, पण याच्या खाली जाऊ नका. अ‍ॅपमध्ये 'बैठी' निवडलंत तर ते ११५०-१२०० देईल. तो आकडा घेऊ नका, किंवा घेतलात तर चालण्याच्या दिवशी दीडशे वर खा. दोन्ही वाटा जवळपास एकाच ठिकाणी येतात. एक निवडा, दोन्ही एकत्र करू नका एवढंच.

आणखी काही जणांनी हे सगळं वाचून त्यावरून ठरवू नये. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायाम वाढवला आणि खाणं तेच ठेवलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी औषधाचा डोस डॉक्टरांशी बोलून बदलायचा असतो, बिस्किटं खाऊन भागवायचं नसतं. बाळाला पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, हा आपल्या आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा आकडा आहे. तिने अ‍ॅप काढूनच टाकावं. आणि ज्यांना आधी कधी खाण्याचा आजार होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी 'जाळलं तेवढंच खायचं' हा खेळ घातक आहे, त्यांना मी घड्याळ काढून ठेवायला सांगते.

तुम्ही आता काय करायचं? अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन घड्याळाची जोडणी तोडा. पावलं मोजायला घड्याळ असू दे, कॅलरी जोडायला नको. १४०० तशाच ठेवा, चालण्याच्या दिवशी आणि न चालण्याच्या दिवशीही. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा, पण रोजचा आकडा मनावर घेऊ नका, आठवड्याची सरासरी काढा. आणि या महिन्याच्या पाळीनंतरच्या आठवड्याची सरासरी पुढच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. पाळीच्या आधी पाणी धरतं, तेव्हा तुलना केली तर उगाच रडू येतं. बेंबीच्या पातळीवर टेपने घेरही मोजा. आपल्याकडे बायकांच्या कमरेची मर्यादा ८० सेंटीमीटर धरतात, आणि भारतीय अंगात वजनाच्या मानाने चरबी जास्त, स्नायू कमी असतात हे पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवलं. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३ होता. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. स्नायू कमी म्हणजे बसल्या जागचा खर्चही थोडा कमी, त्यामुळे गोऱ्या लोकांवर बेतलेलं ते १३७६ तुमच्यासाठी थोडं फुगलेलंच असेल.

चार आठवड्यांत किलोभर उतरलं तर काही बदलू नका. पाव किलोही उतरलं नाही तर खाणं कमी करण्याआधी तेलाच्या पिशवीवर तारीख टाका. दीड-दोन किलोपेक्षा जास्त उतरलं, चालताना पाय ओढत असाल, केस मूठभर जात असतील, झोप मोडत असेल तर दीडशे-दोनशे वाढवा, आणि ते वाढवणं फरसाणाचं नको, मुगाच्या धिरड्याचं, दोन अंड्यांचं किंवा वाटीभर दह्याचं असू दे. चालून आल्यावर भूक लागते ही तक्रार असेल तर त्यासाठी वेगळं काही खायची गरज नाही, नाश्ताच चालण्यानंतर घ्या. सकाळी सहाला केळं, आठला पोहे आणि साडेनऊला ऑफिसात पुन्हा चहा-टोस्ट, असे तीन नाश्ते होऊ देऊ नका. पाचातले दोन दिवस चालण्याऐवजी वजनं उचलायला गेलात तर घड्याळ फारच थोड्या कॅलरी दाखवेल. दाखवू दे. उतरणाऱ्या वजनात स्नायू कमी जावेत म्हणून ते करायचं.

राहिला सिंहगड. हा एकच हिशोब असा आहे की घड्याळ नसतानाही चांगला जमतो, कारण उंची ठरलेली आहे. पायथ्याच्या आतकरवाडीतून वर साधारण ६०० मीटर चढ. ७२ किलो ६०० मीटर उचलायचे, म्हणजे भौतिकशास्त्राच्या हिशोबाने १०० कॅलरीचं काम. स्नायू साधारण वीस-पंचवीस टक्केच कार्यक्षम असतात, उरलेलं उष्णतेत जातं, म्हणून चढायला चारशे ते पाचशे. उतरणं धरून सहाशेच्या आसपास. हे खरे सहाशे आहेत, महिन्यातून एकदाचे, आणि ते तुम्ही खाल्लेत तरी माझी हरकत नाही.

फक्त वर गेल्यावर काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. बसायच्या आधी कांद्याच्या भज्यांची एक प्लेट, तीनशे. मग पिठलं, दोन भाकऱ्या, ठेचा, ते साडेसहाशेला जातं. शेवटी मडक्यातलं दही साखर घालून, दीडशे. अकराशे झाले, आणि भजी दोघांत एकच प्लेट मागवली असेल तरी नवरा दोनच खातो. तेव्हा पिठलं-भाकरी पोटभर खा, दही बिनसाखरेचं घ्या, आणि भजी खायचीच असतील तर दुसरी भाकरी नवऱ्याच्या ताटात सरकवा. पुण्यात परतल्यावर रात्री मुगाची खिचडी आणि ताक. सोमवारी काट्यावर किलोभर जास्त दिसेल, ठेच्यातल्या मिठाचं आणि दुखऱ्या मांड्यांतल्या पाण्याचं आहे ते, बुधवार-गुरुवारपर्यंत जातं.